ओंकारच्या पाठीवरच्या बॅगेबद्दल

पुणे, १२ जून

प्रिय बाळू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. डिप्लोमा झालेल्या भाच्यानं चाकणची कंपनी सोडून पाठीला ॲपवाल्या डिलिव्हरीची बॅग का लावावी, हा तुझा प्रश्न. आणि त्यामागचा रागही पोचला. ओंकार म्हणाला, "मामा, मला वेळेची मोकळीक पाहिजे," आणि तू त्याचा अर्थ 'पोरगं कामचुकार निघालं' असा लावलास. खरं तर त्याला ते नीट सांगता आलेलं नाही. या कामात दिवसातल्या तासांची मोकळीक फारशी नसतेच. मोकळीक असते ती आठवड्यांची आणि महिन्यांची. पोरं त्यासाठी येतात.

आधी पैशाचं बघू, कारण तुझा समज आहे की तो जास्त पैशाच्या मागे गेला. चाकणला ठेकेदाराकडे महिना १८,००० पगार धर. त्यात बेसिक १५,००० असेल तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० गेले, ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, पाऊण टक्का म्हणजे १३५, प्रोफेशनल टॅक्सचे २००. हातात १५,८६५. आता डिलिव्हरीचं. झोमॅटोचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी २०२६च्या जानेवारीत कंपनीचे आकडे जाहीर केले होते: २०२५ साली टिप सोडून तासाला सरासरी १०२ रुपये. हे तास लॉगिनचे, म्हणजे ऑर्डरची वाट बघत बसलेला वेळही त्यात धरलेला. रोज १० तास, महिन्याचे २६ दिवस केले तर साधारण २६,५०० रुपये होतात आणि पेट्रोल-देखभालीचे २० टक्के वजा जाऊन २१,००० उरतात, असा त्यांचा हिशेब.

त्या २० टक्क्यांवर मात्र विश्वास टाकू नकोस. ते गाडी किती पळते त्यावर आहे. जेवणाच्या ऑर्डरी उचलणारा पोरगा पुण्यात दिवसाला १०० किलोमीटर सहज करतो. गाडी ४५चं ॲव्हरेज देत असेल आणि पेट्रोल लिटरला १०४ धरलं, तर रोजचे २३१ रुपये टाकीत गेले. किलोमीटरमागे १ रुपया ऑइल, सर्व्हिसिंग, टायर, चेनसेट, ब्रेक शू आणि गाडीची उतरणारी किंमत यांचा धर. मी तरी याहून कमी धरणार नाही. म्हणजे दिवसाला ३३१, महिन्याला ८,६०६. २६,५०० मधून ते काढले की उरतात जेमतेम १८,०००. कंपनीपेक्षा दोन हजार जास्त. पण तिकडे पीएफमध्ये मालकाचाही वाटा पडत होता, आणि ईएसआयमुळे आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळण्याची सोय होती. इकडे ताप आला तर त्या दिवशी शून्य. सगळं मांडून बघितलंस तर पैशात फायदा जवळजवळ नाहीच.

मग जातात का? पहिलं कारण पगाराची तारीख. ८ तारखेला कंपनीत लागलेल्या पोराला पहिला पगार पुढच्या महिन्यात ७ ते १०च्या दरम्यान दिसतो. तोवर मेसवाल्याला आगाऊ पैसे, खोलीचं डिपॉझिट, बसचा पास, हे सगळं घरून मागायचं. डिलिव्हरीत सोमवार ते रविवारचा हिशेब होतो आणि पुढच्या आठवड्यात पैसे खात्यात येतात. आईकडे हात पसरायचा नसलेल्या पोराला हा फरक महिन्याच्या दोन हजारांपेक्षा मोठा वाटतो.

दुसरं कारण ठेकेदारीतला 'ब्रेक'. सात किंवा अकरा महिने झाले की ब्रेक देतात, म्हणजे कामावरून काढून घरी बसवतात, मग पुन्हा नव्यानं भरती. तोवर लाइनवर शिकलेलं सगळं मातीत. नोकरी पक्की म्हणून आपण ज्याला कवटाळतो ती अशी पक्की असते. पोरांना हे पहिल्या वर्षातच कळतं.

तिसरं आणि सगळ्यात वजनदार कारण म्हणजे जाऊन परत येता येणं. आता मृग लागलाय. तुमच्याकडे सोयाबीनची पेरणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरला काढणी. कंपनीत पंधरा दिवसांची सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणतो, नंतर येऊच नको. इकडे ॲप बंद केलं की सुट्टी, कुणाला अर्ज नाही. परत आल्यावर कधी ओळख पटवायला नव्यानं सेल्फी द्यावा लागतो, कधी कागद पुन्हा चढवावे लागतात, पण काम मिळतं. एमपीएससीची पोरंही तसंच करतात: पूर्वपरीक्षेआधी दोन महिने बॅग कोपऱ्यात, परीक्षा झाली की पुन्हा खांद्याला. गोयल यांच्याच आकड्यांत आहे की २०२५ मध्ये झोमॅटोच्या एका रायडरनं सरासरी वर्षातले फक्त ३८ दिवस काम केलं; २५०हून अधिक दिवस करणारे २.३ टक्के. कंपनी हा आकडा 'बघा, हा जोडधंदा आहे' असं म्हणायला वापरते. पोटासाठी रोज बारा तास रस्त्यावर असणारा त्या सरासरीत दिसतच नाही, हा भाग वेगळा. पण येणं-जाणं किती मोठं आहे ते त्यातून समजतं.

मुंबईच्या डबेवाल्यांचं आठवून बघ. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरची माणसं. गावच्या जत्रेला दरवर्षी सगळे मिळून सुट्टी घेतात, आणि गिऱ्हाईक ती मान्य करतं. शहरात पाय रोवायचा पण गावचं वर्ष सोडायचं नाही, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. फरक इतकाच की डबेवाल्यांची सुट्टी त्यांच्या मंडळानं ठरवलेली असते. ओंकारला मंडळ नाही, ॲप आहे.

आता तासांचं, कारण तिथे त्याची फसगत होईल. जेवणाच्या ऑर्डरी दुपारी १२ ते ३ आणि संध्याकाळी ७ ते ११ पडतात. ३ ते ६ मध्ये झाडाखाली बसायचं. स्लॉट, म्हणजे कामाचे ठरलेले तास, आधी बुक करायचा. ऐनवेळी सोडला किंवा ऑर्डरी नाकारल्या की रेटिंग घसरतं, आणि रेटिंग घसरलं की चांगले स्लॉट आधी दुसऱ्यांना दिसतात. इन्सेंटिव्ह, म्हणजे वरचे बक्षिसाचे पैसे, असा बांधलेला असतो की इतक्या ऑर्डरी, इतके तास आणि शनिवार-रविवार केलेच पाहिजेत. दोन ऑर्डरींनी टप्पा हुकला तर त्या दिवसाचा सगळा इन्सेंटिव्ह गेला. म्हणून रात्री साडेअकराला पोरं घरी न जाता लांबची ऑर्डर उचलतात. या मोहात पडू नको म्हणावं. रिकाम्या हातानं परतीचे ८ किलोमीटर आपल्याच पेट्रोलचे असतात.

त्याला अभ्यास सांभाळायचा असेल तर फक्त ७ ते ११ करावं. त्या चार तासांत ऑर्डरी लागोपाठ पडतात, तासाचा भाव बरा बसतो. इन्सेंटिव्ह मिळणार नाही, तो धरायचाच नाही. किंवा किराणा पोचवणाऱ्या कंपन्यांचं डार्क स्टोअर, म्हणजे फक्त डिलिव्हरीसाठी असलेलं गोदाम, बघावं. तिथे फेरी दोन-तीन किलोमीटरची असते, ऑर्डरमागे पैसे कमी पण पेट्रोलही कमी, आणि हॉटेलच्या दारात ताटकळावं लागत नाही. ओझं मात्र वाढतं: पाण्याचे कॅन, आट्याच्या पिशव्या. हिंजवडी-वाकडच्या मोठ्या सोसायट्यांत गेटवर नोंद, मग गाडी बाहेर, मग सर्व्हिस लिफ्टची रांग. रस्त्यावर पाच मिनिटं लागतात आणि गेटपासून दारापर्यंत दहा. या दहा मिनिटांचे वेगळे पैसे नसतात. मला विचारशील तर या कामात सगळ्यात जास्त लूट इथे होते, आणि ती कंपनीइतकीच सोसायटीची कमिटीही करते.

गाडीचं बघ. महिन्याला २,६०० किलोमीटर म्हणजे वर्षाला ३१,०००. घरच्या वापरातली गाडी चार-पाच वर्षांत पळते तेवढं. ऑइल दर ३,००० किलोमीटरला, म्हणजे साधारण पाच आठवड्यांनी. 'पुढच्या पेआउटला बदलू' असं म्हणत दोनदा टाळलं की इंजिन आवाज करायला लागतं आणि मग काम हजारांत जातं. चेन आठवड्याला साफ करून तेल, पावसाळ्यात दोनदा. ब्रेक शू झिजल्याचा आवाज यायची वाट बघू नये, दर ऑइलला उघडून घ्यावेत. मोपेड असेल तर बेल्ट साधारण २४,००० किलोमीटरला बदलतात. तो तुटतो तेव्हा गाडी जागेवर थांबते आणि बॅगेत कुणाचं तरी जेवण असतं.

चांगला फोन हँडलवर लावू नये. हादऱ्यांनी कॅमेरा बिघडतो. जुना, स्वस्त फोन होल्डरला, प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये. सोबत १०,००० एमएएचची पॉवर बँक. पावसात ओल्या काचेवर बोट चालत नाही आणि 'पोचलो' हे बटण दाबायला उशीर होतो, म्हणून वरच्या खिशात कोरडा रुमाल. बॅगेत जड आणि सपाट डबे खाली, रस्सा-सूप उभं आणि दोन्ही बाजूंनी दाबून, थंड वेगळं. सांडलं तर तक्रार रायडरच्या नावावर पडते, झाकण हॉटेलनं सैल लावलेलं असलं तरी. हातात घेतानाच पिशवी तपासावी, गळत असेल तर फोटो काढून तिथेच परत द्यावी. 'ऑर्डर मिळालीच नाही' म्हणणारे महाभाग असतात. दारात ठेवायला सांगितलं तर फोटो काढल्याशिवाय वळू नये. रोख घेतलेले पैसे रोजच्या रोज भरावेत. मर्यादा ओलांडली की ऑर्डरी बंद होतात, आणि खर्चून टाकलेली रोख पुढच्या पेआउटमधून कापली जाते.

दुसऱ्याची आयडी, म्हणजे ॲपवरचं खातं, भाड्यानं चालवायची नाही, हे त्याला निक्षून सांग. मित्राची आयडी, मित्राचं लॉगिन, आठवड्याला ठरलेले पैसे, असा धंदा सर्रास चालतो. सेल्फी मागितला की आयडी बंद आणि आठवड्याची कमाई अडकते. अपघात झाला तर विमाही त्याच्या नावाचा नसतो.

कंपनीचा अपघात विमा असतो, पण तो कधी लागू, नुसत्या लॉगिनवर की ऑर्डर हातात असतानाच, हे ॲपमध्ये वाचून घ्यावं आणि त्या पानाचे फोटो ताईच्या फोनवर ठेवावेत. शिवाय बँकेत पंतप्रधान सुरक्षा विमा योजना: वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. वीस रुपयांसाठी हयगय नको. गाडीच्या विम्यात गोम आहे. खासगी पॉलिसीत भाड्यानं माल वाहणं बसत नाही, त्यामुळे गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. एजंटला धंद्याचा वापर स्पष्ट सांगून काय मिळतं ते विचारावं.

कायद्यानं तो नोकर नाही, 'पार्टनर' आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ला. कंपन्यांनी उलाढालीचे १ ते २ टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच, अशा कामगारांच्या सामाजिक सुरक्षेच्या निधीत भरायचे असं तिच्यात आहे. त्यासाठी सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर प्लॅटफॉर्म कामगार, म्हणजे ॲपवर काम करणारा, म्हणून नोंद करून ठेवावी; आधारला जोडलेला मोबाइल लागतो, पैसे लागत नाहीत. आणि पॅन दिलेलं असावं. वर्षाला लाखाच्या वर गेलं की १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात, विवरणपत्र भरलं की तो परत येतो. बरीच पोरं भरत नाहीत, म्हणजे आपलेच हजार-दोन हजार सरकारला सोडून देतात.

शेवटी तुझ्या पत्रातली एकच गोष्ट मला खटकली. तू लिहितोस, 'करायचंच असेल तर निदान नवी गाडी घेऊन देतो, हप्ता तो फेडेल.' हे करू नकोस. महिना साडेतीन हजारांचा हप्ता मागे लागला की पेरणीला येणं बंद, परीक्षेआधीचे दोन महिने बंद, तापातसुद्धा लॉगिन. ज्या एका गोष्टीसाठी तो हे काम घेतोय तीच हप्ता काढून घेईल. घरातली जुनी स्प्लेंडर आहे ना? क्लच प्लेट आणि चेनसेट बघून ती पाठव. नाहीतर महिनाभर आठवड्याच्या भाड्यानं इलेक्ट्रिक घेऊ दे. २५ किलोमीटर वेगाच्या आतल्या आणि २५० वॅटच्या मोटरच्या गाडीला लायसन्स-पासिंग लागत नाही, डार्क स्टोअरच्या फेऱ्यांना ती पुरते आणि जमलं नाही तर परत करता येते.

त्याचं लायसन्स पक्कं आहे की अजून लर्निंगवरच, ते कळव. लर्निंग असेल तर तीस दिवस झाले की पक्क्याची परीक्षा देता येते, आणि सहा महिन्यांत ते संपतं. पेरणी उरकल्यावर आला तरी चालेल. वहिनींना आणि ताईला नमस्कार सांग.

तुझा,
शिरीष