चेस्टर कार्लसन यांना, एका झेरॉक्सवाल्याचं पत्र

आदरणीय कार्लसनसाहेब,
सादर नमस्कार.

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तुम्ही 1968 साली गेलात, तरी झेरॉक्सची युक्ती शोधून काढल्याबद्दल तुमचे आभार उघडपणे मानावेत असं फार दिवस मनात होतं.

सातबारा, जातीचे दाखले, मार्कशीट माझ्या मशीनच्या काचेवर दिवसभर येत असतात. पूर्वी असा कागद कुणीतरी बसून हाताने उतरवायचं आणि ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा मारायचं. आता अस्सल कागद घरच्या पेटीत राहतो, कचेरीत प्रत जाते. गरिबाला आपला एकुलता एक कागद दुसऱ्याच्या हवाली करावा लागत नाही. हे उपकार तुमचे.

तुमचं बालपण किती ओढगस्तीचं! वडील आजाराने खचलेले, आई तुम्ही सतरा वर्षांचे असताना क्षयाने गेली. घर तुमच्याच कमाईवर. पुढे न्यूयॉर्कमध्ये पेटंटचं काम करताना प्रती कधी पुरायच्या नाहीत, त्यातून हा ध्यास. 22 ऑक्टोबर 1938 रोजी तिथल्याच अ‍ॅस्टोरियातल्या खोलीत तुम्ही आणि तुमचे मदतनीस ऑटो कोर्नाय यांनी गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासला, तारीख आणि ठिकाण लिहिलेली काच त्यावर ठेवून उजेड पाडला, मग भुकटी टाकून फुंकर मारली. अक्षरं उरली! माझ्या पहिल्या मशीनमध्येही हेच चालायचं. ड्रमवर वीजभार, उजेड पडेल तिथला उतरायचा, अक्षरांपुरता राहायचा, टोनर तिथेच धरायचा. ड्रम पुसताना तुमचा तो रुमाल हमखास आठवतो.

वीसहून अधिक कंपन्यांनी तुम्हाला परत पाठवलं. तुमच्या युक्तीवर चालणारं 914 नावाचं झेरॉक्स मशीन आलं 1959 मध्ये. इतकी वर्षं कळ सोसणं मला तरी जमलं नसतं.

पण हात जोडावेसे वाटतात ते त्यानंतरच्या तुमच्या वागण्याला. पैसा आला आणि तुम्ही तो वाटत सुटलात, कोट्यवधी डॉलर, तेही बहुतेकदा नाव न सांगता. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्यांना दिलेत, ध्यानकेंद्राला दिलेत. आमच्याकडे देवळातल्या पंख्यावरही देणाऱ्याचं नाव असतं. तुम्हाला तेवढंही नको होतं. मरताना आपल्याजवळ काही उरू नये, हीच शेवटची इच्छा तुम्ही पत्नी डॉरिस यांना सांगितलीत.

प्रवेशाच्या दिवसांत पोरं कागदांचा गठ्ठा घेऊन येतात. ज्याच्याकडे पैसे कमी पडतात, त्याचा गठ्ठा मी तसाच पाठपोट काढून देतो. का, असं कुणी विचारलं, तर तुमचं नाव सांगतो.

आपला ऋणी,
एक झेरॉक्सवाला