मनू, पट्टी उजव्या गुडघ्याला का होती?

आग्रीपाडा, मुंबई
रविवार, रात्री

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रेल्वेच्या ऑफिसचं पत्र आलंय. शुक्रवारी पोस्टमन देऊन गेला, सही आईने केली. तुझी बिनपगारी रजा सप्टेंबरअखेर संपते, पुढे वाढवून मिळणार नाही, हजर होणार नसशील तर तसं लेखी कळव, असा मजकूर आहे. दादा फोटो काढून पाठवेलच. फोनवर सांगता आलं असतं, पण गेल्या खेपेला नोकरीचा विषय निघाला आणि तू प्रॅक्टिसचं सांगून फोन ठेवलास. म्हणून लिहायला बसलो. फक्त या पत्राबद्दल लिहायचं असं ठरवलंय.

पण काल बास्केटबॉलच्या मॅचमध्ये तुझ्या उजव्या गुडघ्याला काळी पट्टी होती. ऑपरेशन डाव्याचं झालं होतं.

तुमची मेलबर्नची संध्याकाळी सहाची मॅच इथे दुपारी दीडला लागते. आम्ही जेवणं उरकून बसतो, दादा फोन टीव्हीला जोडून देतो. कॅमेरा एकच, तोही लांब. चेहरे दिसत नाहीत, पण तू कुठली ते आईला चालीवरून सगळ्यांच्या आधी कळतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तू त्या उंच मुलीच्या हातातून बॉल काढलास आणि एकटी पळत जाऊन बास्केटखालून ले-अप घातलास, तेव्हा आई एवढ्याने ओरडली की शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून बघायला आल्या. चौथ्या क्वार्टरला मात्र तुला बसवलं. तू बेंचवर वाकून गुडघा चोळत होतीस. आई म्हणाली, घाम पुसतेय. मी काही बोललो नाही.

असो. नोकरीचं.

नोकरीचं तू ठरव, असं मी विमानतळावर म्हटलं होतं आणि आजही तेच म्हणतो. तरी दोन गोष्टी सांगतो. स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागणं म्हणजे काय हे तुझ्याबरोबर खेळलेल्या आणि न लागलेल्या मुलींना विचार. आपल्याकडे युबीए म्हणून बास्केटबॉलची लीग निघाली होती ना, २०१५ ला, ती २०१७ ला बंदही पडली, आणि ती तर पुरुषांचीच होती. मुलींना वर्षभर खेळून घर चालवता येईल असं इथे काही नाही. म्हणून सगळ्या चांगल्या मुली रेल्वेत दिसतात. गीतू ॲना जोसचंच बघ. सहा फूट दोन इंच उंची, देशाची कॅप्टन, तू आता आहेस त्याच मेलबर्नमध्ये रिंगवूड क्लबकडून खेळली, २०११ ला अमेरिकेत डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे तिथल्या बायकांच्या लीगच्या, ट्रायलला जाऊन आली. आणि नोकरी दक्षिण रेल्वेत. तिला काय कमी समजत होतं? तुझ्या वयात मलाही वाटायचं की पगारी रजा, पास, दवाखाना ही म्हाताऱ्यांची काळजी आहे. दवाखाना लागतो, बाळा. गुडघ्याला तर लागतोच.

आणि तो सतनाम सिंग. २०१५ ला एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या पुरुषांच्या लीगच्या, निवडीत डॅलसच्या टीमने त्याला ५२ व्या नंबरवर घेतलं, तिथे निवडला गेलेला भारतात जन्मलेला पहिला मुलगा म्हणून सगळीकडे नाव झालं. तू पेपरातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलास, तो अजून तिथेच आहे. कुठलं ते पंजाबातलं बल्लो के गाव, तिथून गेलेला पोरगा, सव्वासात फुटांच्या आसपास उंची. एवढं असून एनबीएची एकही मॅच खेळायला मिळाली नाही त्याला. निवड होणं वेगळं आणि खेळायला मिळणं वेगळं. मी त्याला नावं ठेवत नाही. एवढा मोठा देह, एवढी मेहनत, तरी वर्षं हातची जातात. तुझ्याकडे तर देहाचं भांडवलच पाच फूट सहा इंचांचं, त्यात एक गुडघा शिवलेला.

हे लिहायला नको होतं. पण खोडत नाही, खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील, लहानपणापासूनची सवय.

तुला ठाऊक असलेलंच सांगतो. डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की मुलींचं गुडघ्यातलं हे लिगामेंट मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा फाटतं, आणि धक्का लागून कमी, उडी मारून खाली येताना किंवा पळता पळता वळताना जास्त. पुन्हा फाटायची भीती खेळायला लागल्यावर पहिल्या दोन वर्षांत जास्त, आणि ते त्याच पायाचं असेल असं नाही, दुसऱ्या पायाचंही जाऊ शकतं. कारण नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकला जातो. तेव्हा तू मान डोलावत होतीस, मी मात्र सगळं डायरीत लिहून घेतलं. दोन वर्षं अजून झालेली नाहीत.

नॅशनलच्या त्या मॅचमध्ये तुझ्याजवळ कोणीही नव्हतं. मोकळा रिबाउंड, बास्केटवरून उडालेला बॉल, तू वर गेलीस, खाली आलीस. मी तिसऱ्या रांगेत होतो, तिथपर्यंत कट् असा आवाज आला. तू ओरडलीसुद्धा नाहीस. बॉल हातात धरून बसलीस आणि रेफ्रीने मागितला तरी देईनास. तो आवाज डोक्यातून बाहेर काढायला मला काय काय करावं लागतं ते तुला नाही सांगत.

त्यानंतरचे नऊ महिने. आईने जुन्या परकराची पिशवी शिवून त्यात दोन किलो तांदूळ भरले होते, ते घोट्याला बांधून तू चाळीच्या गॅलरीत पडून पाय वर खाली करायचीस. येणारी-जाणारी माणसं तुला ओलांडून जायची. चाळीतली पोरं मोठ्याने आकडे मोजायची, मध्येच मुद्दाम चुकवायची, आणि तू पुन्हा पहिल्यापासून करायचीस. मी बेस्टची गाडी चालवली उभी नोकरी, क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा आज जिना उतरताना बोलतो, त्यामुळे थोडं कळायचं मला. तुला किती दुखत असेल ते थोडंच.

तू नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा नागपाड्याला नेलं होतं. मस्तान तलावाच्या कोर्टवर सगळी मोठी मुलं. तिथल्या एका म्हाताऱ्या चाचांनी तुला अब्बास मुंतसिरच्या गोष्टी सांगितल्या, याच गल्ल्यांतला पोरगा भारताचा कॅप्टन झाला, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. घरी येताना तू विचारलंस, मुलींना देतात का अर्जुन? मी म्हटलं, देतात. माहीत नव्हतं मला, नुसतं म्हटलं. पुढे गीतूला मिळाला तेव्हा तूच पेपर आणून माझ्या पुढ्यात टाकलास.

अभिमान वाटतो, मनू. डेपोत जुन्या लोकांना भेटायला गेलो की अर्धा तास तुझ्यावरच जातो. मेलबर्नला खेळते म्हटलं की लोक क्रिकेट समजतात, मग मी पहिल्यापासून सांगतो. तू तिथे लहान मुलींना कोचिंगही करतेस, हे तर मी आधी सांगतो.

इकडे पाऊस जोरात आहे. आईची शुगर बरी. दादा तुझ्या खोलीत झोपतो आणि खोली तुझीच म्हणतो.

आता नीट ऐक. ऑफिसला काय कळवायचं ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत सांग. राजीनामा द्यायचा असेल तर अर्ज लिहून पाठव, मी स्वतः नेऊन देतो आणि पोच घेतो. एका शब्दाने काही म्हणणार नाही. तो निर्णय तुझा आहे, आणि तुला मिळालेला हा एक सीझन इथल्या किती मुलींना मिळाला असता हेही मला कळतं.

पण गुडघा तुझा एकटीचा नाही. त्या तांदळाच्या पिशवीपासून तो आमचाही आहे. तिथे क्लबला फिजिओ आहे म्हणालीस ना, त्याला दाखव. एमआरआय करायला सांगितलं तर पैशाचा विचार करू नको, एफडी मोडायची ठरलेलीच आहे. तो म्हणाला दोन मॅच बस, तर दोन मॅच बस. कोच नाराज होईल, होऊ दे. शनिवारी तू बेंचवर दिसलीस तर आम्ही बेंचकडे बघू.

जेवत जा. थंडीत पाय गरम ठेव.

तुझे,
बाबा

ता. क. दादा म्हणतो, दुखत नसलं तरी नुसत्या आधारासाठीही पट्टी घालतात. तसं असेल तर एका ओळीत तेवढंच लिही. मी विश्वास ठेवीन.