गवंडी घडणेच थांबले आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२७ च्या सिंहस्थाची कामे म्हटली की 'माणसेच मिळत नाहीत' हे नाशिकमधल्या ठेकेदारांचे पहिले वाक्य असते. साइट सुपरवायझर म्हणून ३० वर्षे काढलेल्या मला हे अर्धेच खरे वाटते. पेठ-सुरगाण्याचे बिगारी पावसाळ्यात भाताच्या आवणीला गावी जातात, ऑक्टोबरात दिंडोरी-निफाडला द्राक्षाची छाटणी लागते, बिहारची मंडळी छठपूजेला निघतात. हे दरवर्षीचेच आहे, त्याचा हिशेब आधी धरता येतो. मिळत नाही तो ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभी, भिंत उठवणारा गवंडी.

पूर्वी प्रत्येक मिस्त्रीच्या हाताखाली एखादा पोरगा असायचा. घमेली वाहायचा, माल कालवायचा, जेवणाच्या सुट्टीत थापी चालवून बघायचा. चार-पाच वर्षांत कोपरा उचलायला लागायचा. आता काम फुटाच्या दराने जाते. फुटावर पोट असलेला मिस्त्री पोराला शिकवण्यात वेळ कसा घालवील? हरसूलकडचा एक बिगारी माझ्याकडे १८ वर्षे होता. हुशार, नजर पक्की. शेवटपर्यंत घमेलेच वाहत राहिला. त्याला थापी देण्याची व्यवस्था मीही केली नाही, याची खंत आहे.

शिवाय जी माणसे आहेत त्यांचाही दिवस वाया जातो. एका साइटवर सकाळी १४ जणांची हजेरी लागली आणि क्रश सँडची (दगड भरडून केलेल्या वाळूची) गाडी आली दुपारी दोनला. मग घाईघाईत बांधलेली भिंत ओळंब्याबाहेर गेली, दुसऱ्या दिवशी पाडावी लागली. उशिराचे कारण लिहिले गेले 'मजुरांची कमतरता'.

बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर कामगार कल्याणासाठी घेतला जातो. त्यातून भांड्यांचे संच वाटले गेले. ते मजुरांच्या घरी उपयोगी पडतात, त्याला माझा विरोध नाही. पण त्याच पैशातून शिकवणाऱ्या मिस्त्रीला पोरामागे मानधन आणि शिकणाऱ्याला पूर्ण दिवसाची मजुरी का देऊ नये? आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण घर चालवणारा बिगारी वर्षभर रोजंदारी बुडवून वर्गात बसू शकत नाही. त्याला साइटवरच शिकवावे लागेल. सिंहस्थाची कामे सरकारी पैशाची आहेत. प्रत्येक ठेक्यात ठराविक बिगाऱ्यांना गवंडीकाम शिकवण्याची अट घालावी आणि ती पाळल्याशिवाय शेवटचे बिल काढू नये, ही प्रशासनाला कळकळीची विनंती.

– एक निवृत्त साइट सुपरवायझर, सिडको, नाशिक