कपाळावरचा हात

विन्या,

तब्येत बरी, गोळी चालू, पुढे चल. हे कॉलेजात बोललो तर मला नाटकवाला म्हणतील, म्हणून तुला लिहितोय.

यंदा लीळाचरित्र शिकवतोय, म्हाइंभटाने लिहिलेली चक्रधरस्वामींच्या आठवणींची पोथी. नुसतं वाचायला दिलं की पोरं तेराव्या शतकातल्या मराठीपुढे मान टाकतात. म्हटलं, उभे राहा आणि बोला. 'गद्य पोथी म्हणजे काय नाटक आहे का?' असं तू भांडायचास. लेका, आहे! कोणीतरी येतं, काहीतरी पुसतं, सर्वज्ञ, म्हणजे चक्रधरस्वामी, उत्तर देतात, की लीळा (एक प्रसंग) संपली. सेट नको, लाइट नको. (तुझे लाइट तसेही कधी वेळेवर लागले नाहीत.)

स्वामींची शिष्या महदाइसा, तिचा प्रसंग घेतला. ती प्रश्नामागून प्रश्न विचारते आणि स्वामी म्हणतात, 'म्हातारी जिज्ञासक होए.' एका पोराने हे वाक्य कपाळावर हात मारून, वैतागून टाकलं. वर्ग लोळला. मग एक मुलगी स्वामी झाली. आधी गप्प राहिली, महदाइसेकडे पूर्ण वळली आणि तेच वाक्य कौतुकाने म्हणाली. दोन्ही पटलं रे! म्हाइंभटाने शब्द लिहिले, सूर लिहिला नाही. पण उभं राहून बोलायचं तर कुठला तरी सूर धरावाच लागतो.

आणि चाचणीत बऱ्याच जणांनी लिहिलं, 'स्वामी महदाइसेला कंटाळले होते.' पुरावा काय, तर तो कपाळावरचा हात! पोथीत हात कुठेय?

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. म्हाइंभट स्वतः ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून आठवणी जमवत हिंडला. पोथ्यांत 'हिराइसेची वासना' (म्हणजे हिराइसेचा पाठ) असे पाठभेदसुद्धा नावानिशी जपलेत. तसंच वर्गात करावं म्हणतो: प्रत्येक सादरीकरण ज्याचं त्याच्या नावाने फळ्यावर, आणि शेजारी पोथीतलं कोरडं वाक्य. पण हसलेलं तेवढं लक्षात राहतं, त्याचं काय करू? एकांकिकेतलं शेवटचं वाक्य तू कापलंस म्हणून मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. चूक तुझीच होती, अजूनही आहे. पण हशा कुठे मारायचा, हे तुला कळायचं.

आता महदंबेचे, म्हणजे याच महदाइसेचे, धवळे येतील. स्वामींचे गुरू गोविंदप्रभू, त्यांच्या लग्नसोहळ्यातली गाणी ती, बसून काय वाचणार? पोरी चाल लावायला बसल्यात. सिनेमाची लावतील, बघ.

काकूंचा गुडघा कसा आहे? नव्या घरी गेलास का? वहिनींना नमस्कार.

उत्तर लिहून पाठव. फोन नको, फोनवर तू ऐकत नाहीस.

तुझा,
मध्या