कुंदाला पत्र: नातवंडांना काय वाचून दाखवायचं

वडोदरा,
१८ एप्रिल

प्रिय कुंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. तिन्ही नातवंडं मे महिनाभर बंगळुरूहून तुझ्याकडे नाशिकला येणार हे वाचून फार बरं वाटलं. धाकटं दहा महिन्यांचं, मधली सहाची आणि थोरला अकराचा. तिघांना वाचून दाखवायला कोणती पुस्तकं आणून ठेवू, आपल्या लहानपणीची सोडून नवी सांग, असं तू लिहिलंयस. हल्ली मी रोज संध्याकाळी हेच करते, त्यामुळे पत्र लांबणार. चहा घेऊन बस.

धाकट्यासाठी फार खर्च करू नकोस. जाड पुठ्ठ्याची दोन पुस्तकं पुरे, मोठ्या ठळक चित्रांची. तो ती चाखणार, आपटणार, उलटी धरणार. धरू दे. या वयात गोष्ट लागत नाही, तुझा आवाज आणि ठेका लागतो. ‘अडगुलं मडगुलं’ तुला पाठ आहेच. पुण्याहून ‘चिकूपिकू’ नावाचं लहान मुलांचं मासिक निघतं, त्याचे दोन-तीन अंक मागवून ठेव. त्यातली गाणी त्याला आणि छोट्या गोष्टी मधलीला, असं एकातच दोघांचं होईल.

मधलीसाठी माझं पहिलं नाव माधुरी पुरंदरे. ज्योत्स्ना प्रकाशनाचा ‘राधाचं घर’ हा संच खरं तर तिच्याहून लहान मुलांचा आहे, पण बंगळुरूत वाढलेल्या मुलीचं मराठी ज्या वयाचं असेल, त्या वयाचं पुस्तक तिला आधी द्यावं. राधा आपल्या घरच्या माणसांची ओळख करून देते, एवढंच त्यात आहे. पण वाक्यं अशी की ती वाचावी लागत नाहीत, बोलली जातात. ते झालं की त्यांच्याच यशच्या गोष्टी घे. त्यात कुणी उपदेश करत नाही, शेवटी तात्पर्य नाही. मूल रुसतं, कंटाळतं, मोठी माणसं गडबडीत असतात, जसं घरात असतं तसं. ज्या पुस्तकाच्या शेवटी ‘म्हणून मुलांनो’ येतं, ते दुकानातच ठेवून ये. मुलं ते वाक्य लांबून ओळखतात आणि पुढच्या वेळी पुस्तकच नको म्हणतात.

आमच्या ईराचं सांगते. आता पाचची आहे. सूनबाई गुजराती, शाळाही गुजराती, त्यामुळे मराठी तिच्या वाट्याला माझ्याकडूनच येतं. ती पुस्तकाला ‘चोपडी’ म्हणते आणि मला चोपडी म्हटलं की वाण्याची उधारीची वहीच दिसते. झोप आली की ‘आजी, मला ऊंघ येते’. एका रात्री मी दमले होते, राधाच्या गोष्टीतली दोन वाक्यं गाळून पान उलटायला गेले. तिने चित्रावर पंजा ठेवला आणि म्हणाली, ‘आजी, तू खोटं वाचलंस.’ तिचे बाबा रागावले, आजीला खोटारडी म्हणतेस का! त्या पोरीला म्हणायचं होतं चुकीचं, गुजरातीत खोटं म्हणजे चूक. मी तिला जवळ घेतलं आणि गाळलेली दोन्ही वाक्यं वाचली. ती माझ्याबरोबर ओठ हलवत होती, शब्दन् शब्द तोंडपाठ. त्या दिवसापासून मी एक ओळही गाळत नाही. तेच पुस्तक अकराव्यांदा मागितलं तरी तू कंटाळू नकोस कुंदा, अकराव्या वेळेला ते पुस्तक तिचं झालेलं असतं.

आता थोरला. तुझ्या मुलाने काय लिहिलंय तेही तू कळवलंस, ‘त्याला आता स्वतःला वाचता येतं, वाचून दाखवायची गरज नाही.’ इथेच मला भांडायचं आहे. तो हिंदीमुळे देवनागरी वाचत असेल, पण मराठी वाचेल कसा? ‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च कागदावर एकच दिसतो. ‘जन्म’ आणि ‘जाळं’, तिथेही तेच. कुठे जीभ दातांना लावायची आणि कुठे नाही, हे छापलेलं नसतं, ते फक्त कानातून शिकता येतं. माझा थोरला नातू चिन्मय सातवीत एकटा वाचायचा, तेव्हा ‘चमचा’ असा म्हणायचा की ऐकवत नव्हतं. दोष त्याचा नव्हता. तो पहिलीत असताना इथल्या एका शाळेने आमच्या घरी सांगितलं होतं, मुलाचा गोंधळ होतो, घरात एकच भाषा ठेवा. आम्ही घाबरून ऐकलं, आणि वर्षभर त्याला मराठी वाचून दाखवणं बंद केलं. मला ते अजून सलतं. ईराच्या वेळी मी कुणाचं ऐकलं नाही. दोन्ही भाषा तिच्या डोक्यात आपापल्या खणात नीट बसल्यात.

तर चिन्मयला मी परत कसं वळवलं ते सांगते, तुला उपयोगी पडेल. अकरा वर्षांच्या मुलाला ‘ये, गोष्ट वाचते’ म्हटलं की तो उठून जातो. आमच्या दिवाणखान्यात झोपाळा आहे, तो त्यावर माझ्याकडे पाठ करून बसायचा. मी खाली मटार सोलायला घेऊन ईराच्या निमित्ताने ‘तोत्तोचान’ वाचायला सुरुवात केली. कड्यांची करकर चालू. त्यातले मुख्याध्यापक कोबायाशी चिमुरड्या तोत्तोचानला म्हणतात, तुला जे सांगायचं ते सगळं सांग, आणि चार तास ऐकत बसतात, तिथे आले आणि करकर थांबली. मी मान वर केली नाही. प्रकरण संपलं, मी पुस्तक मिटलं, तेव्हा पाठमोराच म्हणाला, ‘मग पुढे?’

तेत्सुको कुरोयानागींचं हे पुस्तक जपानीत १९८१ साली आलं. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावींचा, नॅशनल बुक ट्रस्टचा, फार गोड मराठी आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा, आणि जेवणाच्या डब्यात ‘थोडं समुद्रातलं, थोडं डोंगरावरचं’ आणायचा नियम. आमच्याकडे आठवडाभर रोज ताटात समुद्र शोधला गेला; शाकाहारी घरात शेवटी मीठ चालवून घेतलं. प्रकरणं दोन-तीन पानांची, एका बैठकीला दोन होतात. फक्त शेवटी युद्धात शाळा जळते, ते वाचताना मधली झोपलेली असू दे.

त्याच्या जोडीला माधुरी पुरंदऱ्यांनीच संपादित केलेलं ‘वाचू आनंदे’, कुमारगटाचे दोन भाग. मराठीतल्या मोठमोठ्या लेखकांचे उतारे आहेत, शेजारी चित्रं. रोज कुठलंही पान उघडावं. आणि नवंच हवं हे कबूल, पण विंदांची ‘एटू लोकांचा देश’ मी सोडणार नाही. १९६३ची असली तरी बंगळुरूच्या मुलांना ती नवीच. मोठ्याने, ताल धरून म्हण, सहाची आणि अकराचा दोघं एकदम जवळ येतील.

पुस्तकं संपली तर मोबाइलवर प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ आहे, २०१५पासून फुकट, मराठी गोष्टी भरपूर. तिथे पातळी एक ते चार असं लिहिलेलं असतं. ती पातळी मुलाने स्वतः वाचण्याची आहे. तू वाचून दाखवणार असशील तर एक पातळी वरची घे, ऐकून कळणं वाचून कळण्याच्या बरंच पुढे असतं.

इथल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेल्या महिन्यात ईराला नेलं होतं. आपण दोघी काचेच्या जमिनीवरून घाबरत चालायचो, आठवतं? सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन साहेबांना बोलावून वाचनालयांचा हा सगळा व्याप उभा केला, गावोगाव लाकडी पेट्यांतून पुस्तकं पाठवली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना दुसऱ्यांनी वाचून दाखवलं असणारच. ईरा मात्र काचेवर पालथी झोपून खालच्या मजल्यावरच्या माणसांना हात करत होती.

पार्सल गुरुवारी टाकते. ‘तोत्तोचान’ची माझीच प्रत पाठवतेय, बाकीची तू मागव. डब्याच्या प्रकरणात खाकऱ्याच्या पाकिटाचा तुकडा खूण म्हणून ठेवलेला दिसेल. तो चिन्मयने ठेवलाय, तसाच राहू दे.

तुझी,
विजू