कुंपणाबाहेरचं पाणी कोण मोजणार?

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

विदर्भात मक्यापासून आणि तुकडा तांदळापासून इथेनॉल काढायला आमचा विरोध नाही. हरकत आहे ती पाण्याच्या हिशेबाला.

रोज 60 हजार लिटरचा कारखाना धरा. लिटरमागे 4 लिटर ताजं पाणी म्हटलं तरी दिवसाला 240 घनमीटर, 330 दिवसांत 79,200. आपला झिजलेला बेसाल्ट (काळा खडक) आकारमानाच्या जेमतेम 2 टक्के पाणी सोडतो. म्हणजे हेक्टरभर जमिनीखाली पातळी मीटरभर उतरली की 200 घनमीटर मिळतात. पुनर्भरण बाजूला ठेवलं तर या कारखान्याला 396 हेक्टरखालचं मीटरभर पाणी लागतं. एवढी जमीन कोणाच्या आवारात असते?

शिवाय हे 4 लिटर सगळं सुरळीत चालतानाचे. पातळ स्लॉप (इथेनॉल काढल्यावर उरणारं सांडपाणी) आटवून त्याच्या वाफेचं पाणी शुद्ध करायचं आणि पुन्हा वापरायचं, अशी रीत. आटवण्याच्या नळ्यांवर थर चढला, किंवा आम्लयुक्त पाण्याने शुद्धीकरणातले जिवाणू मेले, की परतीचं पाणी थांबतं आणि बोअर जास्त चालते. भूजल खारं असलेल्या खारपाणपट्ट्यात तर आरओतून बाहेर टाकलेलं पाणीही याच हिशेबात धरावं लागेल. स्लॉपच्या तळ्याचं अस्तर फाटलं, तर मात्र प्रश्न पातळीचा राहत नाही, विहिरीच्या पाण्याचा रंग आणि वास बदलतो.

खरा उपसा शेतात होतो. एक लिटर इथेनॉलला सुमारे 2.6 किलो मका लागतो. खरिपाचा मका बहुतांशी पावसावर येतो. पण हरभऱ्याऐवजी रब्बी मका घेतला, की पाण्याच्या दोन पाळ्यांच्या जागी पाच-सहा होतात. हेक्टरी 5 हजार घनमीटर ओलीत आणि 5 टन उतारा धरा: लिटरमागे 2,600 लिटर. कारखान्याच्या मीटरवर यातलं काहीच दिसत नाही.

केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे निरीक्षण विहीर आवारातच घेतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्याच खात्याची आहे. तिने दोन किलोमीटरच्या टापूत, धुऱ्यापलीकडच्या किमान सहा विहिरी ठरवाव्यात आणि दरमहा पातळी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. उपसा-चाचणी मे महिन्यात घ्यावी. दिवाळीच्या सुमारास तर कोणतीही विहीर पास होते. बोअर 60 मीटरच्या आत आहे का, हे कागदावर न पाहता दोर सोडून बघावं. आणि मका खरेदीची नोंद खरीप, रब्बी, उन्हाळी अशी वेगळी ठेवायला कारखान्यांना सांगावं.

आपले,
विदर्भातील काही भूजल अभ्यासक