कासेलच्या वैभवाची किंमत

संपादक महोदय,

जर्मनीतल्या हेसे-कासेल संस्थानाच्या राजघराण्याचा विषय निघाला की कासेलची डोंगरउतारावरची बाग आणि फ्रिडरिशियानुम यांचेच कौतुक होते. १७७९ साली खुले झालेले हे संग्रहालय युरोपातल्या सुरुवातीच्या सार्वजनिक संग्रहालयांपैकी एक. ते उभारणाऱ्या फ्रिडरिश दुसऱ्याचे श्रेय मोठेच आहे. पण याच राजाने १७७६ मध्ये इंग्लंडशी करार करून हजारो सैनिक अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढायला भाड्याने दिले. अमेरिकेतल्या ट्रेंटन गावच्या लढाईत त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांतले सुमारे नऊशे कैद झाले. गरिबांची पोरे परक्याच्या लढाईत मेली आणि पैसा दरबारच्या तिजोरीत आला. त्यातून प्रजेचे करही हलके झाले, हे खरे. तरी हे समर्थन मला पटत नाही. राजाच्या कलाप्रेमावर लिहिणाऱ्यांनी या सैनिकांविषयीही तेवढ्याच आदराने लिहावे.

– एक वाचक, सातारा